सुरक्षा अपडेटनंतर मशीन रांगतंय, डिस्क कायम १०० टक्के. अपडेट काढू का?

सेवाकेंद्र_कराड

नमस्कार मंडळी. केंद्रातल्या मुख्य मशीनसाठी सल्ला हवाय.

मशीन: कोअर आय-५ ४५९०, एच-८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅम (४ + ४), १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. एसएसडी नाही. विंडोज १० प्रो २२एच२, वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नोंदणी केलेली. सी ड्राइव्ह १५० जीबीचा, त्यातले ३८ जीबी मोकळे. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस होता, त्याची मुदत गेल्या महिन्यात संपली, नूतनीकरण केलेलं नाही.

काम: ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, स्कॅनिंग, पीडीएफची साइझ कमी करणं, एक हिशेबाचं सॉफ्टवेअर.

लक्षणं: महिन्याचं सुरक्षा अपडेट बसलं, रीस्टार्ट झाला, तेव्हापासून सकाळी डेस्कटॉप दिसला तरी पुढची दहा-पंधरा मिनिटं काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, सीपीयू मात्र १५ ते २० टक्क्यांच्या वर जात नाही. दुपारनंतर जरा बरं असतं.

प्रश्न तीन. अपडेट काढून टाकावं का? एकाचं म्हणणं असं की हे प्रोसेसरमधल्या 'मेल्टडाउन-स्पेक्टर' या सुरक्षा-त्रुटींवरचे पॅच आहेत, ते ३० टक्के प्रोसेसर खातात, एका छोट्या टूलने बंद करता येतात. करावेत का? आणि थेट एसएसडीच टाकली तर हे सगळं मिटेल का?

स्क्रूड्रायव्हर

अपडेट काढायची घाई नको. सीपीयू २० टक्के आणि डिस्क १०० टक्के, या दोन आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. प्रोसेसर मोकळा बसलाय आणि डिस्कची वाट बघतोय. प्रोसेसरच्या पॅचचा विषय मागे ठेवा, आधी डिस्कवर कोण बसलंय ते शोधू.

अपडेटनंतरचा रीस्टार्ट झाला की काम संपलं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यानंतर बरीच कामं मागे चालू असतात. टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' म्हणजे टायवर्कर दिसला तर तो बदललेल्या सिस्टीम फायलींची आवराआवर करतोय. डॉट नेटचं अपडेट सोबत आलं असेल तर 'डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस' दिसते, ती आधी तयार करून ठेवलेला कोड नव्याने तयार करते. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे डिफेंडर, तो बदललेल्या फायली पुन्हा तपासतो. शिवाय सर्च इंडेक्सर आणि 'कम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री' आहेतच.

या सगळ्यांचं वाचन-लेखन बारीक-बारीक आणि विखुरलेलं असतं, आणि तिथेच फिरती डिस्क मार खाते. ७२०० आरपीएम म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. सरासरी अर्धा फेरा थांबणं ४.२ आणि हेड योग्य जागी न्यायला ८-९, असे एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला जेमतेम ७५-८०. साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. डिस्कवर लिहिलेला १५०-१८० एमबी प्रतिसेकंदाचा वेग सलग मोठी फाइल कॉपी करतानाचा असतो, इथे त्याचा उपयोग नाही.

आता सकाळचंच दुखणं का? विंडोजची 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' मुळात रात्री २ वाजता ठरलेली असते. दुकानातलं मशीन रात्री बंद. मग राहिलेलं काम सकाळी मशीन सुरू झाल्यावर संधी साधून उरकलं जातं, तुम्ही गिऱ्हाईक घेतलं की थांबतं, मशीन जरा रिकामं दिसलं की पुन्हा सुरू होतं. कित्येक दुकानांत ते कधी पूर्णच होत नाही आणि पुढच्या महिन्याचं अपडेट येऊन वर बसतं.

म्हणून पहिलं काम: एक रात्र मशीन चालू ठेवा. सेटिंग्ज, सिस्टीम, 'पॉवर अँड स्लीप'मध्ये स्लीप 'नेव्हर' करा, मॉनिटर बंद झाला तरी चालेल. कंट्रोल पॅनेल, 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स', 'मेंटेनन्स' उघडून 'स्टार्ट मेंटेनन्स' दाबा आणि घरी जा. त्याआधी 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, पूर्ण बंद होत नाही. अर्धवट अपडेटला रीस्टार्टच लागतो.

डॉट नेटचं काम एका बैठकीत उरकायचं तर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, विंडोज फोल्डरमधल्या मायक्रोसॉफ्ट डॉट नेट, फ्रेमवर्क६४, व्ही४.०.३०३१९ या फोल्डरात जा आणि 'एनजेन एक्झिक्यूटक्यूड-आयटम्स' चालवा. मग तेच नुसत्या 'फ्रेमवर्क' फोल्डरात, ३२ बिटसाठी. मोबाइलवरून लिहितोय, कमांड उच्चाराप्रमाणे दिल्यात. मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा, 'एक्झिक्यूटक्यूडआयटम्स' हा सलग एकच शब्द आहे.

रात्र गेल्यावरही तोच त्रास असेल तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, डिस्कचा टॅब उघडा आणि 'डिस्क ॲक्टिव्हिटी'त शेवटचा 'रिस्पॉन्स टाइम'चा स्तंभ बघा. काम चालू असताना १० ते ३० मिलिसेकंद ठीक. एकाच वेळी बरंच काही चालू असेल तर १०० पर्यंतही जातो. सतत ४००-५०० च्या वर राहत असेल तर गर्दीचा प्रश्न नाही, डिस्क स्वतःच अडखळतेय.

सोबत ही तीन माहिती इथे द्या:

१. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं टूल) चालवून ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे 'रॉ व्हॅल्यू'.

२. इव्हेंट व्ह्यूअर, 'विंडोज लॉग्ज', 'सिस्टीम'मध्ये क्रमांक ७, ५१, १२९ किंवा १५३च्या नोंदी आहेत का.

३. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएलटीएमसी' टाइप करून येणारी यादी. ती कशाला, ते यादी आल्यावर सांगतो.

कॅशेमिस

स्क्रूड्रायव्हर यांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी फक्त मेल्टडाउन-स्पेक्टरपुरतं लिहितो, कारण हा '३० टक्के'वाला सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

या त्रुटी ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाल्या आणि विंडोजचे पॅच त्याच आठवड्यात आले. त्यानंतर आलेल्या विंडोज १०च्या प्रत्येक आवृत्तीत ते आहेत, तुमच्या २२एच२ मध्ये तर जन्मापासून. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत मशीन ठीक चालत होतं ते या पॅचसकटच. गेल्या आठवड्यातल्या मंदीला २०१८ चा पॅच जबाबदार कसा असेल?

तरीही खर्च कुठे होतो ते समजून घ्या, म्हणजे कोणी काही सांगितलं की तपासता येईल. मेल्टडाउनवरचा उपाय असा की प्रोग्रॅम चालू असताना कर्नलची मेमरी त्याच्या पेज टेबलात, म्हणजे मेमरीच्या नकाशात, जवळपास ठेवायचीच नाही. त्यामुळे प्रोग्रॅमने कर्नलकडे काहीही मागितलं की पेज टेबल बदलायचं, परत येताना पुन्हा बदलायचं. जितक्या वेळा ही ये-जा, तितका भुर्दंड. एक्सेलमधली मोठी आकडेमोड किंवा व्हिडिओ रूपांतर कर्नलकडे फारसं जात नाही, तिथे फरक जाणवत नाही. हजारो छोट्या फायली कॉपी करणं, डेटाबेस, नेटवर्क, इथे जाणवतो. पीसीआयडी नावाची सोय असलेल्या प्रोसेसरवर पेज टेबल बदलताना टीएलबी, म्हणजे त्या टेबलातल्या हाताशी ठेवलेल्या नोंदींचा साठा, पूर्ण रिकामा करावा लागत नाही, म्हणून भुर्दंड कमी. तुमचा ४५९० हॅसवेल म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे, त्यात ही सोय आहे.

५ ते ३० टक्के हा आकडा जाहीर होण्याच्या पहिल्या दिवसांतल्या बातम्यांतला. आठवड्याभरात मायक्रोसॉफ्टने आपलं म्हणणं मांडलं: विंडोज १० आणि स्कायलेक (सहावी पिढी) किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर एक अंकी टक्के, बहुतेकांना कळणारही नाही. विंडोज १० आणि हॅसवेल किंवा आधीचा प्रोसेसर असेल तर काही चाचण्यांत जास्त घट, काहींना जाणवेल. विंडोज ७ किंवा ८ आणि जुना प्रोसेसर असेल तर बहुतेकांना जाणवेल. तुम्ही मधल्या गटात. त्यातही २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये रेटपोलिन हे तंत्र आलं. स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकाराचा खर्च त्याने ब्रॉडवेल (पाचवी पिढी) आणि त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरवर बराच कमी केला, आणि हॅसवेल त्यात बसतो.

ते 'छोटं टूल' म्हणजे बहुधा इन्स्पेक्टर. टूल चांगलं आहे. कुठलं संरक्षण चालू आहे, प्रोसेसरवर परिणाम किती, हे एका खिडकीत दाखवतं. बघण्यासाठी वापरा. त्यातली 'डिसेबल'ची बटणं रजिस्ट्रीत 'सेशन मॅनेजर, मेमरी मॅनेजमेंट'खाली 'फीचरसेटिंग्जओव्हरराइड' आणि 'फीचरसेटिंग्जओव्हरराइडमास्क' या किंमतींशी खेळतात. दोन्ही ३ केल्या की मेल्टडाउन आणि स्पेक्टर-२ दोन्हींचं संरक्षण बंद. ज्या मशीनवर लोकांचे आधार, बँक पासबुक, पासवर्ड येतात आणि ब्राउझरमध्ये दहा अनोळखी पानं उघडी असतात, तिथे हे करू नये. स्पेक्टर ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधूनही वापरता येतो हे मूळ संशोधनातच दाखवलेलं आहे. इंटरनेट नसलेल्या, एकच काम करणाऱ्या मशीनवर कोणी केलं तर माझी हरकत नाही, पण तिथेही आधी मोजून बघा. फरक मोजता येत नसेल तर बंद कशाला करायचं?

जाता जाता, डीटीपीवाल्यांसाठी. अजून विंडोज ७ वर पेजमेकर आणि जुन्या मराठी फाँटांचे ढीग घेऊन बसलेल्या मशीनवर हे पॅच जास्त बोचले त्याचं एक कारण फाँटच आहेत. त्या आवृत्तीत अक्षरं रेखाटण्याचं काम कर्नलमध्ये होतं, म्हणजे पुन्हा ये-जा. विंडोज १० मध्ये त्यासाठी कर्नलबाहेर 'यूझरमोड फाँट ड्रायव्हर होस्ट' ही वेगळी प्रक्रिया आहे. पण दीड-दोन हजार फाँट कायमचे बसवून ठेवणं तिथेही चांगलं नाही. प्रोग्रॅम उघडताना सगळी यादी वाचली जाते. चालू कामाचे शंभरेक ठेवा, बाकी फोल्डरात.

सेवाकेंद्र_कराड

दोघांचे आभार. रात्रभर चालू ठेवलं. टायवर्कर आणि डॉट नेटवाली सर्व्हिस सकाळी दिसत नाहीत, पण मंदी आहेच, थोडी कमी.

रिस्पॉन्स टाइम काही फायलींवर ६०० ते ९०० मिलिसेकंद, बाकी फायलींवर २०-३०. डिस्क वापरात सर्वांत वर अँटिमालवेअर सर्व्हिस, मग सिस्टीम.

क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळ्या रंगात 'कॉशन'. ०५ शून्य, सी५ मध्ये १८, सी६ मध्ये २, सी७ शून्य.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ आणि १५३ बऱ्याच आहेत. रिलायबिलिटी हिस्टरीत बघितलं तर बहुतेक अपडेटच्या दिवसापासूनच्या.

एफएलटीएमसीच्या यादीत डब्ल्यूडीफिल्टर, त्यासमोर ३२८०१०. आणखी एका ओळीत जुन्या अँटिव्हायरसच्या नावासारखं काहीतरी, तिथेही ३२ ने सुरू होणारा आकडा.

स्क्रूड्रायव्हर

निदान झालं. दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींत अपडेटचा दोष नाही.

पहिलं, डिस्क जातेय. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या आधाराने मोजून दाखवतं, म्हणजे १८ दिसतंय ते प्रत्यक्षात २४. 'फंक्शन', 'ॲडव्हान्स्ड फीचर', 'रॉ व्हॅल्यूज'मध्ये १० निवडलं की दशमान दिसेल. ०५ शून्य आहे म्हणून खूश होऊ नका. एकही सेक्टर अजून बदलला गेला नाही एवढाच त्याचा अर्थ. बदल बहुधा त्या जागी नवं काही लिहिलं जाताना होतो, तोवर तो सेक्टर सी५ मध्ये लटकलेला राहतो. क्रमांक ७ ची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. काही फायलींवर ९०० आणि बाकीच्यांवर २० मिलिसेकंद, हेही त्याच्याशी जुळतं. डिस्क त्या जागी अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तोवर बाकी सगळे रांगेत. सी७ शून्य आहे, म्हणजे केबलला दोष देता येत नाही. तिथे आकडा वाढत असता तर आधी साटा केबल बदला म्हटलं असतं.

अपडेटच्याच दिवसापासून का? कारण रोजच्या कामात डिस्कचा ठरावीक भागच वाचला जातो. मोठं अपडेट मात्र महिनोन्महिने हात न लागलेल्या सिस्टीम फायली वाचतं, तपासतं, बदलतं. कमकुवत जागा तेव्हा उघड्या पडतात.

दुसरं, मुदत संपलेला अँटिव्हायरस. एफएलटीएमसीच्या यादीतली ३२०००० ते ३२९९९९ ही पट्टी अँटिव्हायरसच्या फिल्टर ड्रायव्हरांसाठी, म्हणजे फाइल उघडताना मध्ये येऊन तपासणाऱ्यांसाठी, राखलेली आहे. डब्ल्यूडीफिल्टर डिफेंडरचा. मुदत संपल्यावर विंडोजने डिफेंडर चालू केला, पण जुन्याचा ड्रायव्हर तसाच राहिला. आता प्रत्येक फाइल उघडताना दोन ठिकाणी तपासणी. 'ॲप्स अँड फीचर्स'मधून काढा, मग त्याच कंपनीचं 'रिमूव्हल टूल' उतरवून सेफ मोडमध्ये चालवा, रीस्टार्ट, पुन्हा एफएलटीएमसी. ती ओळ गेली पाहिजे. हे मात्र बॅकअप झाल्यावर. आजारी डिस्कवर आधी काहीही उखडू नका.

डिफेंडरला 'एक्सक्लूजन' द्यायचा मोह होईल. दिलंच तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरला, तेही त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने सांगितलं असेल तर. डाउनलोड फोल्डर, पेन ड्राइव्ह, पूर्ण सी ड्राइव्ह यांना कधीच नाही. लोकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लागणाऱ्या मशीनवर तर विचारूच नका.

नाशिककर_सीए

धागा पळवतोय, माफी असावी. आमच्याकडे विंडोज ११ प्रो आहे, एसएसडी आहे, डिस्क ठणठणीत. २४एच२ आल्यापासून जुन्या नेटवर्क स्टोरेजवरचा डेटा उघडायला वेळ लागतो आणि एक जुना शेअर तर उघडतच नाही. हेही अशाच एखाद्या सुरक्षा बदलामुळे का?

कॅशेमिस

हो, तुमच्याकडे खरंच सुरक्षेचा बदल कारण आहे. २४एच२ पासून प्रो आवृत्तीत एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याच्या पद्धतीत साइनिंग सक्तीचं झालं. प्रत्येक पाकिटावर सही करणं आणि तपासणं दोन्हीकडे लागतं. तुमच्या कॉम्प्युटरला ते जड नाही, जुन्या स्टोरेजच्या बारक्या प्रोसेसरला जड जातं. न उघडणारा शेअर बहुधा पासवर्डविना, 'गेस्ट' म्हणून उघडणारा आहे. गेस्टला सही करता येत नाही, म्हणून तो अडतो.

उपाय या क्रमाने: स्टोरेजचं फर्मवेअर अद्ययावत करा, त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ आणि ३ चालू व १ बंद ठेवा, प्रत्येकासाठी नाव-पासवर्ड असलेलं खातं तयार करा. न उघडणारा शेअर यातच सुटेल. पॉवरशेलमधून साइनिंगची सक्ती काढता येते, पण ग्राहकांची विवरणपत्रं ज्या नेटवर्कवर फिरतात तिथे मी काढणार नाही.

विंडोज ११ नव्याने बसवलेलं असेल तर 'विंडोज सिक्युरिटी', 'डिव्हाइस सिक्युरिटी', 'कोअर आयसोलेशन'मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' ही कर्नलचं संरक्षण करणारी सोयही चालू असेल. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन-२ पासून याला हार्डवेअरची मदत आहे, खर्च थोडा. त्याआधीच्या प्रोसेसरवर ते काम सॉफ्टवेअरने निभावलं जातं आणि जाणवतं. कराडकरांनी 'सुरक्षा वाढेल' म्हणून हॅसवेलवर हे मुद्दाम चालू करायची गरज नाही. आधीपासून चालू आहे का तेवढं 'सिस्टीम इन्फर्मेशन'च्या पहिल्या पानावर बघा.

जुनाबोर्ड

एच-८१ वर एसएसडी टाकायची तर क्रम महत्त्वाचा. चुकला तर डेटा जातो.

सर्वांत आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. साधी कॉपी, महत्त्वाचं पहिलं: हिशेबाचा डेटा आणि त्याचा स्वतःचा बॅकअप, मग डिजिटल सहीच्या फायली असतील तर त्या, स्कॅन, मग उरलेलं. एखाद्या फाइलवर अडकलं तर 'स्किप' करून पुढे जा, त्या फाइलवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. आणि बॅकअपपूर्वी 'चेकडिस्क स्लॅश आर' अजिबात नको. इंटरनेटवर पहिला सल्ला तोच मिळतो. तो अख्खी डिस्क कोपऱ्यान् कोपरा वाचायला लावतो, १ टीबीला कित्येक तास, आणि मरणासन्न डिस्कचा त्यातच निकाल लागू शकतो. डीफ्रॅगही नको.

मग क्लोन, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवणं, की नवं विंडोज? सी५ मध्ये २४ असताना माझा कौल नव्या विंडोजला. क्लोन केलं तर न वाचता आलेल्या जागीचं भगदाड तसंच नव्या डिस्कवर येतं, मग महिन्याभराने एखादं अपडेट बसत नाही आणि कारण सापडत नाही. प्रिंटर, स्कॅनर, सहीचं टोकन हे सगळं पुन्हा बसवायचा वेळच नसेल तर क्लोनझिलाने करा, पण 'एक्स्पर्ट' मोडमध्ये 'रेस्क्यू'चा पर्याय निवडून, नाहीतर तो पहिल्या खराब सेक्टरवर थांबेल. क्लोनझिला मुळात लहान डिस्कवर क्लोन करत नाही, १ टीबीवरून २५६ जीबीवर यायचं तर आधी पार्टिशनं लहान करावी लागतात, आणि तेही आजारी डिस्कवर. नवं विंडोज बरं म्हणतो ते यासाठीही. क्लोन केलंच तर नंतर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी 'डिझम स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ', प्रत्येक स्लॅशच्या आधी एक जागा, मधले स्वल्पविराम माझे, ते टाइप करायचे नाहीत. ते पूर्ण झालं की 'एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ'. हाच क्रम, कारण एसएफसी दुरुस्तीसाठी ज्या साठ्यातून फायली घेतं तो साठा डिझम दुरुस्त करतं. डिझम ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबल्यासारखं दिसतं, खिडकी बंद करू नका.

परवान्याची काळजी नको. विंडोज १० चा डिजिटल परवाना बोर्डाशी जोडलेला असतो, डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती म्हणजे प्रो बसवली की इंटरनेट मिळताच सक्रिय होतो. आधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' लिहिलंय का बघा.

खरेदी: २.५ इंची साटा एसएसडी, ५०० जीबी घेतलीत तर नंतर जागेची ओढाताण नाही. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, घेऊ नका, एच-८१ च्या बोर्डांवर ती लावायची जागाही नसते आणि त्यावरून बूट होण्याची सोयही. एच-८१ ला साटाचे चार पोर्ट, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, बहुतेक बोर्डांवर वेगळ्या रंगाचे. एसएसडी त्यातल्या पहिल्यावर. चुकून ३ गिगाबिटवर लागली तरी हार्ड डिस्कपेक्षा मैलोगणती पुढे असेल, पण चांगला पोर्ट रिकामा का ठेवायचा? बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'एएचसीआय' हवा. आता 'आयडीई' असेल आणि क्लोन करणार असाल तर थेट बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर अडेल. आधी एकदा सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवून मग बदला.

रॅम: एच-८१ ला दोनच स्लॉट. वाढवायची तर दोन्ही ४ जीबी काढून ८-८ च्या डीडीआर-३ १६०० घ्या. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. पण आधी एसएसडी टाकून आठवडाभर बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर रॅमचे पैसे वाचवा.

जुनी डिस्क 'दुसरा ड्राइव्ह' म्हणून मशीनमध्ये ठेवू नका. विंडोज तिला अधूनमधून उठवत राहील आणि फाइल एक्स्प्लोरर पुन्हा अडेल.

एक आगाऊ सूचना. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळे बोर्डावर आता फार खर्च करू नका. साटा एसएसडी पुढच्या मशीनमध्ये नेता येईल, डीडीआर-३ रॅम नेता येणार नाही.

सेवाकेंद्र_कराड

बॅकअप सुरू केलाय, दोन फायली वगळल्या गेल्या, दोन्ही जुन्या स्कॅन. नवं विंडोजच बसवतो. शेवटचं एक: पुढच्या महिन्यापासून अपडेटची वेळ कशी सांभाळू? सकाळी दहाला रांग लागते.

स्क्रूड्रायव्हर

महिन्याचं सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता येतं. आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा, त्यांची उन्हाळी वेळ नसेल तेव्हा साडेअकरा. म्हणजे बुधवारी सकाळी दुकान उघडताच डाउनलोड सुरू होणार. 'ॲक्टिव्ह अवर्स' सकाळी ९ ते रात्री ९ ठेवा, त्या वेळात आपोआप रीस्टार्ट होणार नाही. 'पॉज अपडेट्स'ने शनिवारपर्यंत थांबवलं तरी चालेल, पण महिना-महिना नको. शनिवारी संध्याकाळी हाताने 'चेक फॉर अपडेट्स', बसवून रीस्टार्ट, मग 'स्टार्ट मेंटेनन्स', आणि रात्रभर चालू. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर आधी ती तपासा, अपडेट बसत असताना वीज जाणं नव्या एसएसडीलाही मानवत नाही.

बसवल्यावर सी ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा कायम मोकळी असू द्या. 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' दाबून 'विंडोज अपडेट क्लीनअप' दोन-तीन महिन्यांतून एकदा. अपडेट बसल्या दिवशीच करू नका. आवरासावरीचं ठरलेलं काम बदललेल्या जुन्या फायली महिनाभर राखून ठेवतं, अपडेटने खरंच काही मोडलं तर मागे जायला त्या लागतात.